पोटासाठी पाय कसे धरावेत
(नवशिक्यांसाठी)

साहित्य: एक पाय, शक्यतो दुसऱ्याचा. त्याच माणसाचा एक हात. बॉलपेन. त्याला बसायला खुर्ची आणि तुम्हाला पाट, कारण तुम्हाला खाली बसायचं आहे. पोट बिघडलेलं असलं तर उत्तम, नसलं तरी सराव अडत नाही. अ‍ॅक्युपंक्चरच्या सुया लागणार नाहीत. ऑनलाइन मागवून बसला असाल तर त्या पाकिटासकट कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवून या आणि मग पुढचं वाचा.

आपण शोधणार आहोत तो बिंदू चिनी वैद्यकात त्सू-सान-ली म्हणून ओळखला जातो. त्यातला 'त्सू' म्हणजे पाय, आणि तो गाळायचा नाही. हातावरही एक सान-ली आहे, कोपराच्या जरा खाली, आणि घाईत वाचणारा नवशिका हमखास तिथेच जाऊन बसतो. पुढे मी नुसतं सान-ली म्हटलं की पायावरचीच समजा. आंतरराष्ट्रीय यादीत आपल्या बिंदूचा क्रमांक आहे एसटी ३६, म्हणजे जठराच्या वाटेवरचा छत्तिसावा. ही वाट डोळ्याखालून निघते, गालावरून गळ्यावर उतरते, छाती आणि बेंबीच्या बाजूने मांडीवर येते आणि नडगीच्या कडेने जाऊन पायाच्या दुसऱ्या बोटाच्या नखापाशी संपते. एकूण थांबे ४५. डोळ्याखालच्या थांब्याचा जठराशी काय संबंध, हा प्रश्न नवशिक्याला पडतो आणि पडायलाच हवा. पण तो पहिल्या दिवशी विचारला तर गुरुजी रागावतात.

पोट दुखतंय तर पाय कशाला, हे मात्र आधी समजून घ्या, नाहीतर पेशंट पायजमा वर करणार नाही. चिनी वैद्यकाच्या हिशेबात अन्न पिकवून खाली धाडणं हे जठराचं काम, आणि त्यातलं सत्त्व उचलून वर पोचवणं हे त्याच्या जोडीदारणीचं, म्हणजे प्लीहेचं. खाली जायचं ते वर आलं की ढेकर, उचकी, मळमळ. वर जायचं ते खाली घसरलं की जुलाब. तेव्हा त्याच वाटेवरचं असं एखादं ठिकाण गाठायचं की जिथून जठराला त्याच्या कामाची आठवण करून देता येईल. पोटाच्या तक्रारींसाठी अशा ठिकाणांत मानाचं पान गुडघ्याखालच्या सान-लीला आहे. आयुर्वेद वाचलेल्यांना इथे समान आणि अपान वायू आठवतील. आठवू द्यात. जुळवत मात्र बसू नका. दोन्हीकडच्या पोथ्या जुळवायच्या नादात हुशार माणसं संध्याकाळभर बोलत बसतात, आणि पेशंट घरी जाऊन इनो पिऊन झोपलेला असतो.

पायरी पहिली: पेशंट

पहिला पेशंट म्हणून शेजारच्या काकू निवडा. काकूंचं पोट बाराही महिने कुठल्या ना कुठल्या कारणाने फुगलेलं असतं आणि त्या कुणाला नाही म्हणत नाहीत. बोलणं साधारण असं होतं.

"काकू, पाय जरा पुढे घ्या."

"अरे, पोट गच्च झालंय माझं. पायाला काय धाड भरलीय?"

"उपाय पायातच आहे."

"तुझी आजी बेंबीभोवती हिंग चोळायची, दहा मिनिटांत मोकळं व्हायचं. बरं, पायाला हात लावतोच आहेस तर नमस्कारही करून घे."

नमस्कार करा. वाकलेलेच आहात.

कुठला पाय, हा प्रश्न इथे येतो. दोन्ही. बिंदू दोन्ही पायांवर आहे आणि बहुतेक वेळा दोन्हीकडे उपचार करतात. सरावाला एक पुरे.

पायरी दुसरी: माप

टेप लावू नका, पट्टीही नको. इथलं एकक आहे त्सुन, आणि ते दुकानात मिळत नाही, कारण ते माणसागणिक वेगळं असतं. पेशंटच्या अंगठ्याची पेराच्या सांध्यापाशी जेवढी रुंदी, तेवढा एक त्सुन. तर्जनीपासून करंगळीपर्यंत चारही बोटं जुळवायची आणि मधल्या बोटाच्या मधल्या सांध्याच्या रेषेत आडवी रुंदी बघायची, ती झाली तीन त्सुन. पेशंटची बोटं. हे नवशिके ऐकतात, मान डोलावतात आणि लगेच स्वतःची चार बोटं काकूंच्या गुडघ्याखाली ठेवतात. तुमचा पंजा बॅट धरून रुंद झालेला, काकूंचा मोदकाच्या कळ्या काढून निमुळता राहिलेला. बोटभर फरक सहज पडतो, आणि बोटभर फरक म्हणजे काय ते चौथ्या पायरीत येईल.

या सगळ्या विद्येत मला सगळ्यात आधी पटली ती ही मोजायची रीत. पुस्तकात कुणाचाही पाय नाही. पैलवान असो की नातू, दोघांच्याही सान-लीचं अंतर तीनच, ज्याच्या-त्याच्या हाताने मोजलेलं. त्यामुळे दुसऱ्याच्या पायावर सापडलेली जागा स्वतःच्या पायावर नुसती उतरवून घेता येत नाही. प्रत्येक वेळी पहिल्यापासून शोधावं लागतं, आणि त्यासाठी समोरच्या माणसाचा हात मागावा लागतो. शोधणाऱ्याची घाई आपोआप कमी होते.

आणखी एक रीत आहे, जरा शिस्तीची. गुडघ्याच्या मागच्या आडव्या घडीपासून घोट्याच्या बाहेरच्या हाडापर्यंतचं अंतर सोळा त्सुन धरायचं, मग पाय लांब असो की आखूड. त्या सोळांतले तीन घ्यायचे. दोन्ही रीतींनी मोजून दोन टिंबं काढा. ती बहुधा एकमेकांवर पडणार नाहीत. घाबरून मधोमध तिसरं काढू नका.

पायरी तिसरी: शोध

काकूंना खुर्चीवर असं बसवा की गुडघा काटकोनात येईल आणि तळवा जमिनीवर टेकेल. आता गुडघ्याची वाटी हाताने चाचपा. वाटीच्या खाली मधोमध एक जाड दोर लागेल, तो वाटीला नडगीशी बांधणारा स्नायुबंध. त्याच्या दोन्ही बाजूंना दोन खळगे आहेत, त्यांना चिनी लोक गुडघ्याचे डोळे म्हणतात. आपल्याला बाहेरचा हवा. समोर बसलं की डावं-उजवं उलटं होतं, म्हणून बाजू आठवत बसू नका, पायाच्या करंगळीकडे बघा. करंगळीच्या बाजूचा तो बाहेरचा.

त्या खळग्यात काकूंचीच तर्जनी ठेवायला सांगा आणि खाली बाकीची तीन बोटं चिकटून आडवी. करंगळीच्या खालच्या कडेपाशी बॉलपेनने एक बारीक रेघ मारा. काकू म्हणतील, "पेन धुतल्यावर जातं ना रे?" जातं म्हणा.

आता नडगी. अंगठा तिच्या धारेवर ठेवा. तीच ती जागा, जी अंधारात टीपॉयवर आपटल्यावर माणूस अपशब्द वापरतो. त्या धारेपासून बाहेरच्या बाजूला काकूंच्या मधल्या बोटाच्या रुंदीएवढं सरका. हाड संपून बोट मांसात रुततं. टाच जमिनीवर ठेवूनच काकूंना चवडा वर उचलायला सांगा. बोटाखाली एक स्नायू टचकन फुगला, तर तुम्ही बरोबर गल्लीत आहात. चवडा खाली टेकवला की तो पुन्हा मऊ पडतो. त्या स्नायूच्या पोटात, रेघेच्या उंचीवर, सान-ली.

पडताळा घ्यायचा असेल तर घोट्यापासून सुरुवात करा. अंगठा नडगीच्या धारेवरून सावकाश वर नेत जा. गुडघ्याच्या खाली एक उंचवटा येतो आणि अंगठा अडतो. त्या उंचवट्याच्या पायथ्याच्या उंचीला, धारेपासून बोटभर बाहेर. दोन्ही वाटांनी एकाच जागी आलात तर काकूंकडून चहा मागायला हरकत नाही.

दाबल्यावर काकू "आई गं" म्हणतील. तो पुरावा धरू नका. नडगीच्या आसपास कुठेही जोरात दाबलं तर माणूस आई गंच म्हणतो.

पायरी चौथी: घसरलात तर

या पायावर पचनसंस्थेने अशी दाटी केली आहे की इथे चुकणारा माणूस एका अवयवावरून दुसऱ्यावर जाऊन पडतो. सान-लीच्या साधारण दोन त्सुन खाली अपेंडिक्सचा बिंदू. तो मूळ वाटेच्या यादीत नाही, विसाव्या शतकात भर पडली आहे, आणि अपेंडिक्स सुजलं की तिथे दुखरेपणा लागतो असं वैद्य मानतात. सान-लीच्या तीन त्सुन खाली मोठ्या आतड्याचं ठिकाण. आणखी तीन त्सुन उतरलात की लहान आतडं. नडगी ओलांडून आतल्या बाजूला गेलात तर जठराची वाट सुटली, तुम्ही प्लीहेच्या वाटेवर आलात, आणि तिचे नियम वेगळे.

तुमचं चुकतंय म्हणून लाजू नका. मोठमोठ्यांचंही जमलं नव्हतं. चीन, जपान आणि कोरिया हे तिन्ही देश या विद्येचे वारसदार, पण २००३ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने तिथले तज्ज्ञ एकत्र बसले तेव्हा ३६१ बिंदूंपैकी ९२ बिंदूंच्या जागांवर एकमत नव्हतं. भावकीच्या शेताची मोजणी निघावी तसे नकाशे बाहेर आले, जुन्या पोथ्या उघडल्या, बांध कुणी सरकवला यावर चर्चा झडल्या. २००६पर्यंत बैठका चालल्या. ८६ बिंदूंचा निकाल लागला, सहांचा नाहीच लागला. २००८ साली जे अधिकृत पुस्तक निघालं त्यात त्या सहांना पर्यायी जागा दिल्या आहेत. सान-ली त्या सहांत नाही, एवढं समाधान माना.

पायरी पाचवी: परीक्षा

नवशिक्याला आपली जागा बरोबर आहे की नाही ते कळणार कसं? यावर आजवरचा सगळ्यात चोख उपाय चीनच्या सोंग राजवटीत निघाला. वांग वेई-ई नावाच्या राजवैद्याच्या देखरेखीखाली १०२७ साली माणसाएवढे दोन कांस्यपुतळे तयार झाले. अंगभर बिंदूंच्या जागी भोकं. परीक्षेच्या दिवशी पुतळ्यावर मेणाचा थर द्यायचे म्हणजे भोकं दिसायची नाहीत, आणि आत पाणी भरायचे, काही वर्णनांत पारा. विद्यार्थ्याने सुई खुपसायची. धार लागली तर पास. सुई नुसती मेणात रुतली तर पुन्हा अभ्यास. तोंडी परीक्षा नाही, वशिला नाही, पुनर्तपासणीचा अर्ज नाही. एवढी सोय आज कुठल्याच विद्यापीठात उरलेली नाही. जानेवारी २०१७मध्ये चीनचे अध्यक्ष शी जिनपिंग यांनी जिनिव्हात जागतिक आरोग्य संघटनेला अशाच धर्तीचा एक कांस्यपुतळा भेट दिला. ९२ बिंदूंचं भांडण संपल्यावर दहा वर्षांनी आलेली ही भेट मला फार समयोचित वाटते.

तुमच्याकडे कांस्यपुतळा नाही, काकू आहेत. काकूंमधून धार लागत नाही, हे ध्यानात ठेवून पुढे जा.

पायरी सहावी: दाबणे

अंगठ्याच्या पेराने, नखाने नव्हे, सरळ आत दाबा. हळूहळू जोर वाढवा, जरा धरा, सोडा, परत दाबा. दोन-तीन मिनिटं एका पायाला पुरेत. काकूंना सारखं विचारा, काय वाटतंय. "दुखतंय" हे उत्तर अर्धवट आहे. चिनी वैद्य ज्याची वाट बघतात ती जाणीव वेगळी असते: आंबल्यासारखं, बधिर, ताणल्यासारखं, जड. व्यायाम केल्यावर दुसऱ्या दिवशी मांडी आंबते ना, त्या जातीचं, आणि कधीकधी ते नडगीवरून घोट्याकडे ओघळत जातं. याला ते 'ची' आला असं म्हणतात. त्या जागी स्नायूच्या खोल भागात एक मज्जातंतू आहे, त्यामुळे काहीतरी ओघळणं अगदीच आश्चर्याचं नाही. दोन्ही स्पष्टीकरणं काकूंना सांगा. त्या म्हणतील, "मुंग्या आल्या असं सरळ म्हण की."

पायरी सातवी: सुई

टोचू नका.

ही पायरी इथेच संपते, पण नवशिके खालपर्यंत वाचत नाहीत म्हणून कारणंही देतो. तिथे सुई इंच-दीड इंच आत जाते, जवळपास रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू आहेत, आणि निर्जंतुक नसलेल्या सुईने मिळणाऱ्या आजारांपुढे करपट ढेकर ही चैन आहे. महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा आहे. टोचून घ्यायचंच असेल तर नोंदणी झालेल्या माणसाकडे जा आणि त्याने सीलबंद पाकीट तुमच्यासमोर फोडलं का ते बघा.

त्या पाकिटात सुईबरोबर बहुधा प्लॅस्टिकची एक बारीक नळी निघेल. ती नळी सतराव्या शतकातल्या जपानची देणगी. सुगियामा वाइची हे आंधळे वैद्य, गुरूने जमत नाही म्हणून घालवून दिलेले, एनोशिमा बेटावर उपासतापास करून परतताना धडपडले, आणि हाताला टोचलं काय ते बघतात तर पोकळ बांबूच्या तुकड्यात पाइनची सुईसारखी काडी. त्यावरून नळीची कल्पना सुचली अशी कथा आहे. कथेचं काय ते असो, नळी मात्र खरी आहे. ती आधी त्वचेवर टेकवतात, सुई तिच्यातून वर जराशी डोकावते, डोक्यावर बोटाने टिचकी मारली की आत गेलेली कळत नाही. पुढे सुगियामा शोगुनच्या पदरी राहिले आणि त्यांनी आंधळ्यांसाठी ही विद्या शिकवणाऱ्या शाळा काढल्या. दिसत नसताना बिंदू सापडणं हे दिसत असून न सापडण्यापेक्षा सोपं असावं, असं मला काकूंच्या नडगीकडे बघताना वाटत राहतं.

पायरी आठवी: धग

चीन आणि जपानमध्ये या बिंदूची खरी कीर्ती सुईपेक्षा धगीमुळे. आर्टेमिसिया जातीच्या एका झुडपाची वाळवलेली पानं कुटून त्याचा कापसासारखा लगदा करायचा, त्याची चिमूट त्वचेवर ठेवायची किंवा कांडी करून ती जवळ धरायची आणि पेटवायची. आपल्या जोतिबाला वाहतात तो दवणा याच कुळातला, तेव्हा धुराचा वास तुम्हाला अगदीच परका वाटणार नाही.

जुन्या काळी ही धग त्वचेपासून दूर धरायची सभ्यता नव्हती. चिमूट थेट कातडीवर जळायची, फोड यायचा, पिकायचा, आणि तो पिकला तरच उपाय लागू पडला असं धरायचे. निरोगी राहायचं तर सान-लीवरची जखम सुकू देऊ नये, अशा अर्थाची म्हणच चीनमध्ये होती. जपानी भिक्षू योशिदा केन्को याने चौदाव्या शतकात लिहून ठेवलंय की चाळिशीनंतर अंगाला डाग देताना सान-ली वगळली तर डोक्यात रक्त चढतं. आणि बाशो हा कवी १६८९ साली उत्तरेच्या पायी प्रवासाला निघाला तेव्हा त्याने तयारी काय केली? फाटकी विजार शिवली, टोपीची नाडी बदलली आणि सान-लीला डाग दिले. ते पोटासाठी नाहीत, चालण्यासाठी. हाच बिंदू पायाच्या थकव्यावरही चालतो. पण वाटेत ज्याच्या-त्याच्या घरी जे मिळेल ते खात महिनोनमहिने चालायचं असेल तर एका डागात दोन्ही कामं झालेली बरी.

जपानी लोककथेत मानपेई नावाचा एक शेतकरी आहे. घरातली सगळी माणसं पिढ्यान्पिढ्या दर महिन्याच्या ठरलेल्या दिवशी सान-लीला धग द्यायची आणि म्हणून दोनशेच्या पुढे जगायची, असं तो सांगतो. कथाच ती. पण एका घरात दोनशे वर्षांची सासू आणि एकशे ऐंशी वर्षांची सून, याचा विचार ज्याने ही कथा रचली त्याने केलेला दिसत नाही.

घरी धग देऊ नका. पडदे आहेत, गादी आहे, काकूंची नायलॉनची साडी आहे. चीनच्या राजवाड्यानेही १८२२ साली राजवैद्यांच्या संस्थेतून सुई आणि धग दोन्ही हद्दपार केली होती, सम्राटाच्या अंगाला टोचणं-भाजणं शोभत नाही या कारणावरून. काकूंना तेवढा मान द्या.

पायरी नववी: परिणाम

आता खरा प्रश्न. याने पोट बरं होतं का?

अमेरिकेला या बिंदूची ओळख झाली ती एका पत्रकाराच्या गॅसमुळे. जुलै १९७१, पेकिंग. न्यूयॉर्क टाइम्सचे जेम्स रेस्टन तिथे पोचले आणि त्यांना कळलं की हेन्री किसिंजर गुपचूप येऊन गेले, अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांच्या चीनभेटीचं ठरलं, आणि शतकातली बातमी आपल्या हातून निसटली. रेस्टन स्वतःच गमतीने लिहितात की ते ऐकलं त्याच क्षणी जांघेत पहिली कळ आली. अपेंडिक्स निघालं. शस्त्रक्रिया झाली ती अँटी-इम्पीरियलिस्ट म्हणजे साम्राज्यवादविरोधी हॉस्पिटलात. ते एकेकाळी रॉकफेलर यांच्या पैशातून उभं राहिलेलं, पण नाव बदललं की सगळं चालतं. शस्त्रक्रियेला नेहमीची भूल दिली, सुया नव्हत्या. पुढे अमेरिकेत मात्र रेस्टनचं पोट सुयांच्या भुलीवर फाडलं अशी दंतकथा पसरली, ती आजही ऐकू येते.

सुया आल्या दुसऱ्या रात्री. पोट तट्ट फुगलं होतं. तिथल्या वैद्याने उजव्या कोपरात आणि गुडघ्यांखाली सुया लावल्या, फिरवल्या, आणि पेटती कांडी पोटाजवळ धरली. तासाभरात पोट हलकं झालं आणि परत फुगलं नाही. रेस्टननी लिहिलं त्याचा मथितार्थ असा की पोटातला गॅस घालवायला ही जरा लांबची वाट झाली, पण गेला. त्या लेखानंतर अमेरिकेत अ‍ॅक्युपंक्चरची लाट आली. आपल्याकडे ती विद्या त्याआधीच पोचली होती. १९३८ साली चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते आणि नागपूरचे चोळकर होते. पण सुया भारतात आणल्या त्याच पथकातल्या बंगालच्या डॉ. बिजॉयकुमार बसूंनी, पन्नासच्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला जाऊन शिकून. कोटणिसांच्या नावाने आपल्याकडे सुया लावल्या जातात खऱ्या, पण स्वतः कोटणीस होते शल्यचिकित्सक, आघाडीवर जखमी सैनिकांच्या शस्त्रक्रिया करणारे.

रेस्टनचं पोट सुयांनी उतरलं की तासाभराने ते तसंही उतरलं असतं? एका पोटावरून सांगता येत नाही. म्हणून चाचण्या. त्यातही अडचण अशी की गोळीची खोटी गोळी करता येते, सुईची खोटी सुई कशी करणार? १९९८ साली जर्मनीत एक युक्ती निघाली: बोथट सुई, टोचली की मुठीतच मागे सरकते, नाटकातल्या सुरीच्या जातीची. २०२० साली चीनमधल्या एका चाचणीत वेगळी रीत वापरली. जेवल्यावर पोट जड होणारे २७८ रुग्ण, चार आठवड्यांत बारा वेळा उपचार. निम्म्यांना पायाच्या सान-लीसकट ठरलेल्या जागी सुया, निम्म्यांना बिंदू नसलेल्या जागी, अगदी वरवर. खऱ्या गटात ८३ टक्क्यांना फरक पडला. आणि खोट्या गटात? सुमारे ५२ टक्क्यांना. पहिला आकडा सुईवाले सांगतात, दुसरा संशयवाले. नवशिक्याने दोन्ही पाठ करावेत. ८३ आणि ५२ यांच्यातला फरक बिंदूचा म्हणा हवं तर, पण ते ५२ कशाचे? कुणीतरी चार आठवडे तुमच्याकडे नीट लक्ष दिलं, पायाला हात लावला, काय वाटतंय ते विचारलं, त्याचे. आणि वाट बघितली त्याचेही. निम्म्या पोटांना एवढंच पुरतं, हे काकूंच्या गुडघ्याशी बसल्यावर अजिबात खोटं वाटत नाही.

उंदरांचं काम अजून मजेचं आहे. २०२१ साली हार्वर्डच्या गटाने 'नेचर'मध्ये दाखवलं की उंदराच्या मागच्या पायावर, आपल्या सान-लीच्या जागी, सुईतून हलकी वीज सोडली की पायाच्या खोल पदरातले ठरावीक मज्जातंतू जागे होतात आणि मेंदूमार्फत अ‍ॅड्रिनल ग्रंथीपर्यंत निरोप जाऊन अंगातला दाह उतरतो. तेवढीच वीज पोटावर सोडली तर हे होत नाही. म्हणजे जागेला काही अर्थ आहे, निदान उंदराच्या आणि निदान विजेने. यावरून ढेकरांबद्दल काही सिद्ध होत नाही. ते सिद्ध झालं असं सांगणारे बरेच भेटतील, त्यांना उंदराची चार बोटं कशी मोजली ते विचारा.

पायरी दहावी: कधी पाय सोडावा

दुखणं बेंबीपाशी सुरू होऊन उजवीकडे खाली सरकलं, ताप आला, उलटीत किंवा शौचात रक्त दिसलं, शौच काळं डांबरासारखं झालं, वजन कारण नसताना उतरायला लागलं, गॅस म्हणता म्हणता कळ छातीत किंवा डाव्या खांद्यात गेली, तर काकूंचा पाय तिथल्या तिथे खाली ठेवा आणि रिक्षा बोलवा. आधी हात धुवत बसू नका. रेस्टनचंही अपेंडिक्स आधी कापून काढलं आणि मगच सुया आल्या, हा क्रम लक्षात ठेवा.

यातलं काही नसेल आणि तासाभराने काकूंना मोकळं वाटलं, तर श्रेय घेण्याआधी एक चौकशी करा. मधल्या काळात त्यांनी ओवा खाल्लेला असतो. विचारलं तर सांगतात, नाही विचारलं तर नाही.

आता काका पलंगावरून उठून तुमच्या पाटाशी येऊन उभे राहिले असतील, लुंगी गुडघ्यापर्यंत धरून. त्यांचं पोट ठणठणीत आहे, कंबर धरलीय. कमरेसाठी नडगी चालत नाही. जुन्या चिनी वैद्यांनी दुखण्यांची चार ठिकाणं ठरवून दिली आहेत: पोटाला सान-ली, डोक्यामानेला मनगटाजवळ, तोंडाचेहऱ्याला अंगठा आणि तर्जनीच्या मधे, आणि कमरेला गुडघ्याच्या मागची लवण. तेव्हा काकांना पालथं झोपावं लागेल. बॉलपेन काकूंकडून परत मागून घ्या, त्या त्याने वाण्याची यादी लिहायला बसल्या आहेत.